नोंदवणाऱ्याची चूक

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस घरं होती आणि तो आवाज त्यातल्या फक्त चार जणांना ऐकू यायचा. त्या चारांत मी होते. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. दिवसभर घाटकोपरच्या एका सेंटरमध्ये लोकांचे एक्स-रे काढायचे, घरी येऊन आईचं सगळं करायचं, त्यात ही कानातली कटकट कोणाला हवी होती? पण समोरच्या दारातले काका इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी बेसनाचा लाडू घेऊन आले. माझे कान बिघडले म्हणून मला लाडू देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आवाज म्हणजे खूप खालच्या पट्टीतली गुणगुण. दूर कुठेतरी ट्रक उभा आहे आणि ड्रायव्हर इंजिन बंद करायला विसरलाय, असं काहीतरी. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात यायचा, बहुतेक दुपारचा. सेक्रेटरी म्हणाले, पंपाचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ट्रान्सफॉर्मरचा. तळमजल्यावरच्या बाईंनी मेट्रोच्या कामावर ढकललं. ज्यांना ऐकू येत नव्हता ते म्हणाले, तुमच्या डोक्यात आहे. काकांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका रविवारी सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच बंद करायला लावला.

रविवारी अकरा, म्हणजे घराघरात मटण शिजायची वेळ. तरी पंचवीस-तीस माणसं जिन्यात येऊन उभी राहिली, कारण काकांशी वाद घालण्यापेक्षा दहा मिनिटं उभं राहणं सोपं होतं. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा.

"डोळे उघडू नका," ते ओरडले, "शेजाऱ्याचा हात बघून हात वर होतात!"

पंप बंद, लिफ्ट बंद, पंखे बंद, फ्रिज बंद. गुणगुण होतीच. मी हात वर केला तेव्हा मला शाळेत चुकीचं उत्तर देताना यायची तशी लाज आली. काका हातातल्या वहीत घरांचे नंबर टिपत पायऱ्या चढत-उतरत होते.

"मग कशाचा आहे आवाज?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग एवढा तमाशा कशाला केलात?"

"आता पंपाचा नाही हे माहीत झालं ना!" काका म्हणाले. ते इतक्या समाधानाने म्हणाले की सेक्रेटरींची वाट लागली. त्या दिवसापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचं नाव 'मेन स्विच' पडलं.

काका सत्तरीच्या आसपासचे. अंगाने किरकोळ, दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक वेळ बघायला आणि दुसरं पहिल्यावर नजर ठेवायला. मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कारखान्यांतली वजनं, थर्मामीटर, प्रेशर गेज तिथे तपासायला यायची. ती खरं बोलतात की खोटं, एवढंच काकांनी सांगायचं. खऱ्याला हिरवं स्टिकर, खोट्याला लाल, त्यावर 'रिजेक्टेड'. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात किंवा शेअर बाजारात जातात. काकांनी लॅबची सवय घरी आणली आणि ज्या गोष्टींचा कोणालाच पत्ता लागत नाही त्यांची नोंद ठेवायला लागले. भाजीवाल्याकडेसुद्धा ते खिशात दोनशे ग्रॅमचं पितळी वजन घेऊन जायचे. आधी काटा तपासायचा, मग भेंडी.

नोंदीची वही लांबट, हिरव्या कापडी बांधणीची. पानावर पाच रकाने आखलेले. दिवस आणि वेळ. काय झालं. कोणी पाहिलं. दुसरं काय असू शकतं. आणि शेवटचा, सगळ्यात अरुंद, 'नोंदवणाऱ्याची चूक'. हा शेवटचा रकाना वाचून मी पहिल्यांदा खो-खो हसले होते. एका नोंदीपुढे लिहिलेलं, 'चष्मा घातला नव्हता'. एकीपुढे, 'भूक लागली होती'. एकीपुढे, 'ते खरं असावं असं मनातून वाटत होतं'.

"हे काय हो काका?"

"प्रत्येक उपकरणाची चूक असते. इथे उपकरण मी आहे," ते म्हणाले. त्यात त्यांना हसण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

त्यांच्या घरात दोन शब्दांना बंदी होती. चमत्कार आणि योगायोग. चहा प्यायला बसलेल्या माणसाने यातला एकही शब्द उच्चारला की काका बशी खाली ठेवायचे. "हे दोन्ही फाईल बंद करायचे शिक्के आहेत. एक भाबड्याच्या हातातला, एक शहाण्याच्या. आपण फाईल उघडी ठेवायची. कळलं नाही, एवढंच लिहायचं." त्यामुळे देवभक्त त्यांना नास्तिक समजायचे आणि शिकलेली मंडळी अंधश्रद्धाळू. दोन्ही बाजूंच्या शिव्या त्यांनी अगदी समान खाल्ल्या.

पण गोष्ट खोटी निघाली तरी त्यांना वाईट वाटायचं नाही, आणि मला त्यांची ही गोष्ट फार आवडायची. जोगेश्वरीच्या लेण्यांत एका ठराविक कोपऱ्यात कुत्री पाय ठेवत नाहीत, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. काका चार रविवार तिथे जाऊन बसले. एकदा मीही गेले, घरातून तेवढीच सुटका म्हणून. कुत्री त्या कोपऱ्यात जात होती, झोपत होती, एक तर तिथेच अंग खाजवत बसलं होतं. मी वैतागले. काकांनी वही उघडली आणि सुरेख अक्षरात लिहिलं, 'कुत्री जातात.' येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

लिहिताना चुकलं तर ते खोडरबर किंवा व्हाईटनर वापरायचे नाहीत. लॅबचा नियम. चुकलेल्यावरून एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. "खालचं वाचता आलं पाहिजे," ते म्हणायचे. "गिरवून काळं करतो तो काहीतरी लपवतो." मी एकदा त्यांच्यासमोर किराण्याच्या यादीतला 'रवा' गिचमीड खोडला, तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी निमूट नवी यादी लिहिली.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. मीच विचारलं होतं, जरा चिडवतच.

"नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "रत्नागिरीकडे, गावच्या घरी. संध्याकाळची वेळ, विजा चमकत होत्या. पुढच्या दारातून एक आगीचा गोळा आत आला. नारळाएवढा. पिवळा. माझ्या न् वडिलांच्या मधून गेला, सावकाश, त्याला काही घाई नव्हती, आणि मागच्या दारातून बाहेर. गंधकासारखा वास राहिला. आम्ही दोघांनी पाहिला. दोघांनी."

"मग?"

"मी शाळेत सांगितलं. मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं, सगळ्या वर्गासमोर विचारलं. वडील म्हणाले, पोराला ताप होता."

"ताप होता?"

"नव्हता." काकांनी दोन्ही घड्याळं पाहिली. "त्यांना लाज वाटली असेल. चार माणसांत हसं झालं असतं. मी पुढे त्यांना कधी विचारलं नाही. पण तेव्हाच्या तेव्हा कोणीतरी दोन ओळी लिहून घेतल्या असत्या ना, वेळ घालून, खाली त्यांची सही, तर त्यांना खोटं बोलावं लागलं नसतं. लिहिलं नाही की गोष्ट जाते. पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांतूनसुद्धा जाते."

अशा आगीच्या गोळ्यांबद्दल जगभरचे शास्त्रज्ञ अजून भांडतायत, हे मी नंतर कधीतरी मोबाईलवर वाचलं. काकांना पाठवलं. त्यांचा फोन जुना, बटणांचा, त्यावर काही दिसलं नाही.

आता आईचं सांगते. आई सिंधुदुर्गातली, मालवणीशिवाय दुसरं बोललेलं तिला पचायचं नाही. तिची आठवण आधी थोडी थोडी गेली आणि मग सगळी गेली. शेवटची दोन वर्षं ती बोलायचीच बंद झाली होती. त्याच्या आधी काही महिने मला 'ओ ताई' म्हणायची, जशी नर्सला म्हणतात. मी तिची 'बाय' होते. जन्मल्यापासून तिने मला दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती. मी चाळीस ओलांडलेली बाई, पण रोज कामावरून आले की तिच्यासमोर उभी राहून विचारायचे, "आई, मी कोण?" ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघायची. कपडे बदलायलासुद्धा मी थांबायचे नाही, आधी तो प्रश्न. उत्तर येणार नाही हे माहीत असून रोज विचारायचं, ही एक खाजच झाली होती.

सकाळी साडेसात ते एक बघायला मावशी यायच्या. मी घरी पोचायचे साडेचारला. मधले तीन-साडेतीन तास कोण बसणार? काका स्वतःहून म्हणाले, मी बसतो. दोन वर्षं बसले. आईच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून तिला वहीतल्या नोंदी वाचून दाखवायचे. मी एकदा लवकर आले तर ते तिला गुणगुणीच्या तारखा ऐकवत होते.

"तिला काय कळणार आहे काका?"

"कळत नाही असं तरी कुठे सिद्ध झालंय?"

याच सुमाराला त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं कोणालाच न ओळखणारी माणसं कधीकधी जायच्या आधी एकदम जागी होतात. नावं घेतात, नीट बोलतात, आणि मग जातात. सगळी नाहीत, काही काही. मेंदू एवढा झिजलेला असताना हे कसं होतं ते कोणालाच सांगता येत नाही. काकांच्या वहीत अशा तीन घरांतल्या नोंदी होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे तुम्ही इथे चौथी नोंद मिळेल म्हणून बसता?"

त्यांचा चेहरा उतरला. मग मलाच वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला आशा वाटायला लागली. त्या दिवसापासून मला धड झोप नाही, धड जेवण नाही. सेंटरमध्ये एक्स-रे रूममध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून रिसेप्शनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून आमच्या फ्रिजवर चिकटवला.

"काका, तसं काही झालं तर मला फोन करायचा. मी पोचले नाही तरी चालेल. नुसता तिच्या तोंडाजवळ धरा. मला ऐकू येऊ दे."

"करीन," ते म्हणाले.

"वचन?"

"वचन."

त्यानंतर सात महिने काही झालं नाही. रिसेप्शनचा फोन वाजला की मी पेशंटला तसंच उभं ठेवून दाराबाहेर डोकवायचे. आणि मग एका मंगळवारी मी साडेचारला दार उघडलं तर काका डायनिंग टेबलाशी बसले होते, वही समोर, पेनाचं टोपण काढलेलं. आई झोपलेली.

"सव्वीस मिनिटं," ते म्हणाले.

"काय सव्वीस मिनिटं?"

"बोलल्या. नीट बोलल्या. तुझं विचारलं."

मला आधी कळलंच नाही. मग मी आईकडे धावले, तिला हलवलं, "आई, मी आले, मी कोण? आई!" तिने डोळे उघडले आणि माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. मी परत बाहेर आले.

"फोन का नाही केलात?"

काकांनी वही उघडली. "सगळं लिहिलंय. एकसुद्धा शब्द सोडलेला नाही. एक बेचाळीस. डोळे उघडले..."

"वाचू नका!" मी किंचाळले. "मला वाचून नका दाखवू! ती माझी आई आहे, तुमचं गेज नाही! सव्वीस मिनिटं लिहीत बसलात? एक फोन करता आला नाही?"

ते उभे राहिले. मी वही उचलून त्यांच्या छातीवर ढकलली आणि दार दाखवलं. ते गेले. टोपण टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रजा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला, मी तिचे केस विंचरत असताना आई गेली. एक शब्दही न बोलता. काका खाली गर्दीत मागे उभे होते, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेराव्यानंतर ते एकदा वही घेऊन दारात आले. मी दार लावून घेतलं. लावताना मला बरं वाटलं, हे सांगून टाकते.

मला कळत होतं की मी घाटकोपरहून तडक निघाले असते तरी सव्वीस मिनिटांत मुलुंडला घरी पोचले नसते. लोकल धरायची तर दोन्हीकडचं चालणं आहेच, आणि एलबीएस रोडवर दुपारी रिक्षाला चाळीस मिनिटं सहज लागतात. पण मी पोचायचं म्हटलंच नव्हतं. मी ऐकायचं म्हटलं होतं. त्याच्यापुढे माझा विचार जायचाच नाही. आणि राग थोडा निवला की दुसरीच शंका यायची, ती बोलली तरी होती का? की चौथ्या नोंदीची एवढी वाट पाहिली की म्हाताऱ्याला ऐकू आलं? 'ते खरं असावं असं मनातून वाटत होतं', त्यांनीच तर लिहिलं होतं एकदा. मला घरात बसवेना. कामावरून सुटले की उगाच चालत राहायचे, भांडुपपर्यंत जायचे, परत यायचे.

काका बदलले. लिफ्टमध्ये मी असले की ते जिन्याने जायचे. दुपारी जिन्यात उभे राहायचे ते बंद झाले. एक घड्याळ गेलं, काही महिन्यांनी दुसरंही. भाजीवाल्याने मला विचारलं, "काका हल्ली वजन नाही आणत, बरे आहेत ना?" मी म्हटलं, मला काय माहीत.

दीड वर्षाने बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चोवीस घरं चोवीस दिशांना पांगली. मी भांडुपला भाड्याने जागा घेतली, काका बोरिवलीला भाचीकडे गेले. ते निघाले त्या दिवशी मी मुद्दाम बाहेर होते. परत आले तर दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आत हिरवी वही. कव्हरवर लाल स्टिकर, 'रिजेक्टेड'. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती पिशवी तशीच नेली आणि नव्या घराच्या माळ्यावर मिक्सरच्या खोक्याखाली टाकली.

तिथे सहा महिने गेले. मग गेल्या महिन्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारी, मी कपडे घडी करत होते आणि गुणगुण आली.

तीच. मी हातातला टॉवेल टाकला. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, मेन स्विच खाली ओढला. तीच गुणगुण. म्हणजे ती मुलुंडच्या जिन्यातली नव्हती. मग कुठली? माझ्या कानातली? भांडुपची? जमिनीखालची? पहिला विचार आला तो असा की काकांना सांगायला हवं, वेळ टिपायला हवी. मला हसू आलं, राग आला, आणि हे दोन्ही चालू असताना मी स्टुलावर चढून माळ्यावरून वही काढली. आखलेलं पान हवं होतं, एवढंच. मागून कोरी पानं उलटत गेले ती थेट शेवटच्या नोंदीवर जाऊन थांबले.

अक्षर काकांचं, पण सुरेख नव्हतं. ओळी खाली घसरलेल्या.

'१.४२. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. "पंखो कित्याक इतको जोरात लावलंस?" पंखा कमी केला.

१.४४. "तू समोरचो मां?" हो म्हटलं. "रोज दुपारी त्या वहीतला वाचून दाखवतंस ता आता बंद कर. कंटाळो इलो माका."

१.४७. "माझी बाय खंय आसा?" कामावर, घाटकोपरला, म्हटलं. "जेवली?" माहीत नाही म्हटलं.

१.४९. नंबर पाहायला स्वयंपाकघरात जाण्यासाठी उठलो. त्यांनी डावा हात धरला. "खंय चललंस? बस मरे." बसलो.

१.५३. "तिका सांग, मी तिका वळाखतंय. रोज इचारता, मी कोण, मी कोण. माका सगळा कळता. तोंडात येणा नाय."

१.५८. थोडा वेळ नुसत्या रडल्या. हात धरलेला.

२.०१. "तिका घावणे आवडतत. पीठ पातळ ठेव म्हणान सांग. जाड करता ती."

२.०८. डोळे मिटले. हात सोडला. श्वास नेहमीसारखा.'

काका रत्नागिरीकडचे, त्यांना मालवणी येत नव्हती. दोन वर्षांत त्यांनी आईच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नव्हता. मी रोज काय विचारते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते गेल्याशिवाय मी कधी विचारायचे नाही. आणि घावणे मी जाडच करते. मी जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले, खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू गेलं असेल. ती बोलली होती. मला ओळखत होती, रोज, त्या भिंतीकडे बघत असतानासुद्धा. आणि म्हाताऱ्याने तिचा कंटाळासुद्धा जसाच्या तसा लिहून ठेवला होता.

'कोणी पाहिलं' मध्ये फक्त 'मी'. 'दुसरं काय असू शकतं' हा रकाना रिकामा. त्यानंतर शेवटचा अरुंद रकाना. तिथे लिहिलं होतं, 'फोन केला नाही. वचन दिलं होतं. त्यांनी हात धरला होता हे खरं, पण हात सोडवता आला असता. मग निदान लिहावं असं वाटलं, नाहीतर जाईल. चूक दुरुस्त होणारी नाही.' खाली सही, तारीख.

त्या पानानंतर काकांनी वहीत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

मला त्यांचा राग होता, आजही थोडा आहे. तिचा आवाज माझ्या कानावर पडायला हवा होता आणि तो पडला नाही. पण तिने धरलेला हात सोडवणारा माणूस मला हवा होता का, याचं उत्तर मला देता येईना. शेवटी पेन घेतलं आणि त्या अरुंद रकान्यातल्या मजकुरावरून एक एक आडवी रेघ मारली. शेजारी सही केली. खालचं सगळं वाचता येत होतं.

रविवारी बोरिवलीला गेले. भाचीने दार उघडलं. काका गॅलरीत मटार सोलत बसले होते, खूपच वाळलेले, दोन्ही मनगटं मोकळी. मला पाहून त्यांनी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि उभं राहायला गेले. मी त्यांना बसवलं आणि वही उघडून समोर धरली. त्यांनी चष्मा शोधला, लावला. त्या रेघांवर खूप वेळ बोट ठेवून होते. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"रेघ सरळ नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि तारीख कुठाय? तारखेशिवाय रेघ म्हणजे नुसती खाडाखोड."

त्यांच्या खिशात पेन नव्हतं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पर्समधून माझं काढलं आणि सहीखाली तारीख घातली. मग म्हटलं, "काका, गुणगुण भांडुपलाही येते."

ते वहीवरून मान वर करेनात. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"वेळ?" त्यांनी विचारलं.

"दोन. दोनच्या सुमाराला."

"सुमाराला म्हणजे किती? लिहिलं नाहीस?"

"नाही."

"मग काय उपयोग," ते म्हणाले, आणि कोरं पान काढून पेनासाठी माझ्यापुढे हात केला.